मेहकरची गार मालेगावला आधी कळावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात वादळी वारा आणि गारपीट आली की दुसऱ्या दिवशीच्या अंकात आडवा झालेला गहू, उडालेली टिनं आणि फुटलेली संत्री यांची छायाचित्रे येतात. ती यावीतच. हे पत्र मात्र त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांबद्दल आहे. वादळ चालू असताना गावोगावचे लोक मोबाइलवर एकमेकांना जे सांगतात, ते आज बहुतेक वाया जाते. ‘आमच्याकडे लय गारा’, ‘भयानक वारं सुटलं’ आणि सोबत एक व्हिडिओ. गाव कोणते, किती वाजले, गार केवढी, वारा कुठून, यातले काहीच नसते. तोच व्हिडिओ रात्रीपर्यंत चार जिल्ह्यांत फिरतो आणि जो तो त्याला शेजारच्या गावाचा समजतो. तेवढ्याच मेहनतीत नोंद नीट केली तर पूर्वेकडच्या गावाला पाऊण-एक तास आधी सावध करता येते. पुढे पंचनाम्याच्या वेळी तीच नोंद कामाला येते.

पूर्वेकडचे गाव म्हणण्याला कारण आहे. डिसेंबर ते मार्चच्या काळात विदर्भात वादळ उठते ते दोन प्रवाह एकत्र आल्याने. वरच्या थरात पश्चिमेकडून थंड हवा येते, पश्चिमी झंझावात म्हणतात तो, आणि खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून पूर्व-आग्नेयेचा दमट वारा येतो. ढग वरच्या वाऱ्याबरोबर चालतात, म्हणून बहुतेक वेळा ते नैर्ऋत्य किंवा पश्चिमेकडून ईशान्य किंवा पूर्वेकडे सरकतात, ताशी ३० ते ५० किलोमीटरने. बुलढाणा जिल्ह्यातले मेहकर ते वाशीम जिल्ह्यातले मालेगाव हे अंतर सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. मेहकरच्या शिवारात गार पडायला लागली आणि ढगाचा रोख पूर्वेकडे असला, तर मालेगावकडे साधारण तासाचा अवधी उरतो. तेवढ्यात तुरीची सुडी, म्हणजे कापून रचलेला ढीग, झाकून होते, जनावरे गोठ्यात येतात आणि कडुलिंबाखाली बसलेली माणसे घरी पोहोचतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची लांबलेली गारपीट आणि ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट पश्चिम विदर्भात अजून कोणी विसरलेले नाही. २०१८ साली तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता. निरोप पोहोचवायचे साधन हातात होते, निरोप कसा द्यायचा याची शिस्त नव्हती.

‘हे काम हवामान खात्याचे’ असे पुष्कळ जण म्हणतात. खाते आपले काम करते. जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल इशारा आदल्या दिवशी येतो आणि वादळाच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही येतो. पण यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे समजून घेतले पाहिजे. नागपूरच्या रडारचा किरण जमिनीशी अगदी थोडा कोन करून निघतो आणि पृथ्वी गोल असल्याने जितका दूर जातो तितका जमिनीपासून उंच होतो. सर्वांत खालचा किरण अर्ध्या अंशाचा धरला तर यवतमाळवर तो दोन किलोमीटरच्या थोडा वर असतो, अकोल्यावर पाच किलोमीटरच्या आसपास, आणि बुलढाण्यावर आठ किलोमीटरच्याही वर. म्हणजे ढगाचा माथा दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी सुटलेला वारा आणि जमिनीवर पडलेली गार दिसत नाही. त्यातून हिवाळ्यात शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवा गोठणबिंदूला येते ती, चार किलोमीटरच्या आसपास उतरलेली असते. पावसाळ्यात ती पाचच्या वर असते. त्यामुळे फार उंच नसलेल्या ढगातूनही गार न वितळता खाली येते.

दुसरे साधन म्हणजे महसूल मंडळागणिक बसवलेली, राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा हे सगळे त्यांत मोजले जाते, पण गार मोजण्याची सोय त्यांत नाही. पावसाच्या नरसाळ्यात गार अडकली की पाणी थेंबाथेंबाने उतरते, आणि चार वाजता पडलेला पाऊस नोंदीत पाचनंतर दिसतो. एका मंडळात अनेक गावे असतात आणि गारांचा पट्टा कधी कधी एक-दोन किलोमीटर रुंदीचाच असतो. पट्टा केंद्राला चुकवून गेला तर कागदावर त्या दिवशी काहीच झालेले नसते. केंद्रावर ताशी २० किलोमीटर वारा आणि तीन कोसांवरच्या गावात उडालेले पत्रे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. केंद्रावरचा आकडा बऱ्याचदा काही मिनिटांची सरासरी असतो, आणि पत्रा उडतो तो तीन-चार सेकंदांच्या झोताने.

ही फट फक्त माणसाच्या डोळ्याने भरता येते. ती कशी भरायची ते आता सविस्तर लिहितो.

निरोपात पहिले गाव, आणि गावासोबत तालुका. ‘मालेगाव’ एवढेच लिहिले तर नाशिककडचा माणूसही घाबरतो. धामणगाव रेल्वे, धामणगाव बढे, धामणगाव गढी ही तीन वेगवेगळी ठिकाणे, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार वेगळे, नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ वेगळे. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते मोजायलाच नको. वावर गावापासून दूर असेल तर दिशा आणि अंतर लिहावे: ‘गावाच्या उत्तरेला दोन किलोमीटर, पाझर तलावाजवळ’. मोबाइलच्या नकाशातून अक्षांश-रेखांश काढता येत असतील तर दशांशानंतरचे चार आकडे पुरेत, तेवढ्याने दहा-अकरा मीटरपर्यंत जागा पक्की होते.

मग वेळ, मोबाइलच्या घड्याळाची, चोवीस तासांच्या पद्धतीने. ‘दुपारी’, ‘आत्ता’, ‘थोड्या वेळापूर्वी’ हे शब्द निरोपात नकोत, कारण तो दोन तासांनी तिसऱ्याच गटात जातो आणि तिथेही ‘आत्ता’च वाचला जातो. सुरुवात म्हणजे काय हेही सगळ्यांनी एकच धरावे. पहिली गार जमिनीवर आपटली तो क्षण सुरुवातीचा आणि शेवटची पडली तो शेवटचा. पावसाची सुरुवात वेगळी लिहावी. हे काटेकोरपण कशासाठी? एका गावात गार १६:१० ला आणि पूर्वेला २० किलोमीटरवरच्या गावात १६:४० ला सुरू झाली, तर ढग ताशी ४० किलोमीटरने चालला हे कोणालाही तोंडी काढता येते. मग तिसऱ्या गावाला वेळ सांगता येते. एकाने पावसाचा पहिला थेंब धरला आणि दुसऱ्याने पहिली गार, तर हिशेब दहा-पंधरा मिनिटांनी चुकतो. इथे दहा मिनिटे म्हणजे ताडपत्रीची एक बाजू.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू. याच ठिकाणी सर्वांत जास्त घोळ होतो, कारण बोलताना आपण ‘वारं तिकडं चाललं’ असेही म्हणतो. म्हणून ‘पश्चिमेकडून’ असा पूर्ण शब्द लिहावा. दिशा घराच्या अंगणातून पाहू नये, दोन भिंतींमध्ये वारा वळतो. मोकळ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बांबू रोवून वर हातभर पातळ कापडी पट्टी बांधली की वर्षभराचे काम होते. घर, झाड, टाकी यांच्या उंचीच्या किमान दहापट अंतरावर तो बांबू असावा.

वादळ येण्याआधी वारा काय करतो, ही नोंद तर सोन्यासारखी आहे. सकाळपासून पूर्वेचा दमट वारा वाहत असतो, दुपारी तो पडतो, काही मिनिटे पिंपळाचे पानही हलत नाही, आणि मग एकदम पश्चिमेकडून थंड झोत येतो. धूळ उठते, अंगावर काटा येतो. हा झोत म्हणजे ढगातून खाली आदळून जमिनीवर पसरलेली थंड हवा. तिच्या मागे काही मिनिटांत पाऊस किंवा गार असते. झोताची वेळ आणि दिशा कळवली की पूर्वेच्या गावाला आणखी थोडा वेळ मिळतो. उन्हाळ्यातली वावटळ ही वेगळी गोष्ट. ती उन्हात, कोरड्या जमिनीवर, ढगाशिवाय उठते. दोन्हींना ‘वावधान’ म्हणून मोकळे होऊ नये.

वेग मोजायचे यंत्र गावात नसते, पण खुणा असतात आणि त्यांचे ठरलेले प्रमाण आहे. विजेच्या तारा शिट्टी घालतात, मोठ्या फांद्या हलतात, छत्री आवरत नाही: ताशी ४० ते ५० किलोमीटर. अख्खे झाड डोलते आणि वाऱ्यासमोर चालताना जोर लावावा लागतो: ५० ते ६०. डहाळ्या मोडून पडतात, चालणे कठीण होते: ६२ ते ७४. कौले सरकतात, पत्रे सुटू लागतात: ७५ ते ८८. झाडे मुळासकट उपटतात: त्याच्या वर. निरोपात आकडा लिहिण्यापेक्षा खूण लिहावी, आकडा वाचणारा काढेल. आणि खुणेसोबत परिस्थिती लिहावी. ओल्या जमिनीतली बाभूळ कमी वाऱ्यानेही जाते, पोखरलेला लिंब मधूनच मोडतो, गंजलेल्या हुकांचे छप्पर नव्या छपराच्या कितीतरी आधी उठते. झाड उपटले की मोडले, पत्रा हुकातून सुटला की खालच्या लाकडी दांड्यासकट गेला, हे दोन शब्द जोडले की नोंदीची किंमत दुप्पट होते.

पत्र्यांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण जीव याने जातात. टिनावर दगड ठेवायची आपली जुनी रीत आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो होतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्याला म्हणजे एकंदर ९० ते १०० किलोंचा जोर लागतो, आणि वळचणीच्या कडेला त्याहून जास्त. पत्र्याचे स्वतःचे वजन पंधरा किलोंच्या आत-बाहेर. चार दगडांनी तो राहत नाही, उलट दगडच खाटेवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतात. इशारा आला की दगड खाली उतरवावेत. कडेच्या पत्र्यांना प्रत्येक नळीआड हुक आणि त्याखाली वायसर असावे, आणि कडेचा दांडा तारेने भिंतीतल्या खुंटीला बांधलेला असावा.

झाडे कोणत्या दिशेला पडली तेही लिहावे. सगळी एकाच दिशेला पडली असतील तर तो सरळ झोत. एका जागेपासून चहूकडे बाहेरच्या बाजूला पडली असतील, तर ढगातली हवा त्या जागी आदळून पसरली. हे एका गावातून कळत नाही. पाच गावांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की कळते.

आता गार. पंचनाम्याच्या भाषेत बोराएवढी, आवळ्याएवढी, लिंबाएवढी असे शब्द रूढ आहेत. पण बोर कोणते? धुऱ्यावरचे गावरान बोर एक सेंटिमीटरचे आणि बाजारातले अ‍ॅपल बोर चार-पाच सेंटिमीटरचे. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. दोन सेंटिमीटरची गार चार ग्रॅमच्या आसपास आणि चार सेंटिमीटरची तीस ग्रॅमच्या आसपास. पहिलीने हरभऱ्याचे घाटे गळतात, दुसरीने सिमेंटचा पत्रा फुटतो. म्हणून मोजमाप मिलिमीटरमध्ये हवे. शाळेतली पट्टी उत्तम. ती नसेल तर गारेशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून फोटो घ्यावा, ते २७ मिलिमीटरचे असते. एक, दोन आणि पाचची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या आकारांची निघाली आहेत, म्हणून ती टाळावी. नाणे आणि गार एकाच पातळीवर असावी आणि मोबाइल बरोबर वरून धरावा. तळहातावर गार ठेवून घेतलेल्या फोटोवरून काहीच कळत नाही, कारण हात लहान मुलाचा की मोठ्याचा हेच ठरत नाही.

गार मोजताना तीन चुका नेहमी होतात. पहिली, सर्वांत मोठी गार शोधून तीच सगळीकडे पडली असे सांगणे. दोन आकडे द्यावेत, सर्वांत मोठी केवढी आणि बहुतेक केवढ्या. दुसरी, एकमेकींना चिकटून झालेला गोळा एकच गार धरणे. फोडून पाहिला की सांधे दिसतात. तिसरी, थराची जाडी टिनाच्या वळचणीखाली मोजणे. तिथे छपरावरच्या सगळ्या गारा ओघळून ढीग होतो. जाडी मोकळ्या जागी, पाच ठिकाणी पट्टी रोवून घ्यावी. गारा थांबल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे करावे, नंतर आकार घटतो. लगेच जमत नसेल तर चार-पाच गारा स्टीलच्या डब्यात टाकून फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवाव्यात. गारा चालू असताना मात्र कोणीही बाहेर जाऊ नये. मोजमाप दहा मिनिटे उशिरा झाले तरी चालेल.

ज्यांना हे अधिक नीट करायचे त्यांनी गारपाटी करावी, खर्च किरकोळ आहे. एक इंच जाडीचा घट्ट थर्माकोल एक फूट लांब-रुंद कापायचा, त्याला पोळ्या गुंडाळायची चांदी एकाच थरात, सुरकुती न पाडता ताणून लावायची आणि मागे चिकटपट्टीने पक्की करायची. पाटी फळीवर ठेवून कडांवरून सुतळीने बांधायची, नाहीतर पहिल्या झोतातच उडते. उत्तर दिशेचा बाण पेनाने कोपऱ्यावर काढायचा. वर झाड किंवा छप्पर नको, जागा सपाट हवी. गारपीट होऊन गेली की पाटीवर खळगे राहतात. ते मोजले की एका चौरस फुटात किती गारा पडल्या ते कळते, खळग्याची रुंदी घेतली की आकाराचा अंदाज येतो. खळगे एका बाजूला लांबट असतील तर गार तिरपी पडली, म्हणजे सोबत जोराचा वारा होता, आणि तो कोणत्या बाजूचा हे बाणावरून समजते. ठिसूळ, दाणे सुटणाऱ्या थर्माकोलवर खळगा मोठा उमटतो, म्हणून शेजारच्या गावांनी एकाच दुकानातून एकाच प्रतीचा माल घ्यावा. पाटीच्या मागे गाव, तारीख, वेळ लिहून ती ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवून द्यावी. रात्री दोन वाजता झालेली गारपीट कोणी पाहिली नसली तरी पाटीने पाहिलेली असते.

पावसासाठी दोन लिटरची सरळ भिंतीची बाटली पुरते. वरचा निमुळता भाग कापायचा. बुडाच्या खळग्यांत खडी भरून पाणी ओतायचे आणि जिथे भिंत सरळ होते तिथे शून्याची खूण करायची. तिथून वर पट्टीने मोजलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे पावसाचा मिलिमीटर. पाणी काढून मोजायचे असेल तर ११ सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीत ९५ मिलिलिटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. एरवी कापलेला भाग उलटा ठेवून नरसाळे करतात, पण गारपिटीचा इशारा असेल त्या दिवशी तो काढून ठेवावा, गार त्यावर आपटून बाहेर उडते. बाटलीत गार असेल तर मोजलेले १०० मिलिलिटर कोमट पाणी ओतून ती वितळवावी आणि शेवटी तेवढे वजा करावे. रोजची नोंद सकाळी साडेआठची, म्हणजे खात्याच्या आकड्याशी मेळ बसतो. वादळानंतरची नोंद वेगळी लिहावी. हिवाळी पावसाचा आकडा लहान आणि नुकसान मोठे असते. पंधरा मिनिटांत पडलेल्या दहा-बारा मिलिमीटरने, वारा असेल तर, गव्हाचे अख्खे वावर झोपते.

काही मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजायची सोय असते, आणि काही हौशी तो आकडा गटात टाकतात. दाब उंचीवर अवलंबून असतो. घाटावरचे बुलढाणा आणि घाटाखालचे अकोला यांच्या उंचीत साडेतीनशे मीटरहून जास्त फरक आहे, तेवढ्यानेच दाबात ४० हेक्टोपास्कलच्या आसपास तफावत पडते. दोन गावांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. एकाच जागी तासाभरात दाब किती बदलला तेवढेच कळवावे.

ज्या गावात काही झाले नाही त्यांनीही लिहावे. ‘आमच्या शिवारात गार नाही, फक्त शिंतोडे, १७:०५’ ही पूर्ण नोंद आहे. गारांचा पट्टा कुठे संपला हे या ‘नाही’वरूनच ठरते, आणि ज्याच्याकडे खरोखर पडली त्याच्या म्हणण्याला बळ त्यामुळेच येते.

फोटोबद्दल एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्यातली दडलेली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. पंचनाम्यासाठी किंवा नोंदीसाठी पाठवायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, किंवा फोटोवरच तारीख-वेळ आणि अक्षांश-रेखांश छापणारे कॅमेरा अ‍ॅप वापरावे. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नये. दुसऱ्याकडून आलेला फोटो पुढे पाठवताना गाव आणि वेळ माहीत नसेल तर पाठवूच नये, मग तो कितीही भयंकर असो.

एकंदर निरोप एका ओळीत बसतो: ‘मु. अमुक, ता. मेहकर. गार १६:१० ते १६:१९. मोठी ३० मिमी, बहुतेक १५. वारा पश्चिमेकडून, डहाळ्या मोडल्या. ढग पूर्वेकडे सरकतो आहे.’ हा सगळ्यांनी पाठ करावा. वादळाच्या दिवशी गटात फक्त असे निरोप असावेत. एकाने ते कागदावर वेळेनुसार उतरवत जावे आणि पूर्वेच्या दोन-तीन गावांत थेट फोन करावा, कारण त्याच वेळी तिकडचा माणूस वावरात असतो आणि मोबाइल पाहत नसतो. दवंडी, मंदिराचा भोंगा, शाळेची घंटा, जे असेल ते वाजवावे.

निरोप मिळालेल्या गावाने काय करावे? आधी माणसे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचण्याच्या टप्प्यात आहे. चमक आणि आवाज यांत मोजलेल्या सेकंदांना तीनने भागले की किलोमीटर मिळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये असावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मग जनावरे, लिंबाखालून सोडवून गोठ्यात. मग सुडी. ताडपत्रीची पश्चिमेची कड आधी दाबून बांधावी, पूर्वेची नंतर. उलट केले तर झोत आत शिरतो आणि ताडपत्री फुग्यासारखी उठते. मोटारपंपाचा स्टार्टर बंद करावा. तार तुटून पडली असेल तर किमान दहा मीटर लांब राहावे, १९१२ वर कळवावे आणि खांबावरचा किंवा रोहित्रावरचा क्रमांक सांगावा. ‘आमच्या वावराजवळची तार’ म्हणून सांगितले तर लाइनमनला रात्री ती सापडत नाही.

नुकसानीची नोंद लगेच आणि पुन्हा आठव्या दिवशी, अशी दोनदा घ्यावी. संत्र्याच्या बागेत तर हे फार गरजेचे आहे. वरूड, मोर्शी, काटोलकडे फेब्रुवारीत झाडावर मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि त्याच वेळी आंबिया बहाराची फुले असतात. फूल त्याच दिवशी गळते, फळाला लागलेला मार चार-पाच दिवसांनी सडून दिसतो. पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात फक्त खाली पडलेली फळे येतात. हरभऱ्यात बांबूच्या काटक्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करून ती वावरात पाच जागी टाकावी, चार कोपऱ्यांकडे आणि एक मध्यात, धुऱ्यापासून दहा पावले आत. प्रत्येक चौकटीतले गळलेले घाटे आणि झाडावर राहिलेले घाटे मोजावेत. गळलेल्यांना एकूण घाट्यांनी भागले की टक्के मिळतात. सरकारी मदतीसाठी ३३ टक्क्यांची अट आहे, त्यामुळे ‘बरंच गेलं’ या शब्दाला अर्थ नाही. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, मुदत आणि कळवायची पद्धत पेरणीच्या वेळीच वाचून ठेवावी. चिखली, मेहकर, देऊळगावराजाकडच्या कांदा बियाण्यात मोडलेले दांडे वेगळे मोजावेत, गोंडा शाबूत दिसला तरी मोडलेल्या दांड्यावर बी भरत नाही. शेडनेटमध्ये जाळीवर किती जाड थर साचला ते लिहावे. दहा गुंठ्यांच्या जाळीवर पाच सेंटिमीटर गारा म्हणजे पंचवीस टनांच्या घरातला भार होतो, आणि सांगाडा वाऱ्याने पडला की भाराने हे त्यावरून समजते.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. डिसेंबर ते मार्च, इशारा लागलेल्या दिवसानंतरच्या अंकात अर्धा रकाना गावोगावच्या नोंदींना द्यावा, गाव, तालुका, वेळ, गारेचा मिमी, वाऱ्याची दिशा एवढेच, ‘गार नाही’ लिहिणाऱ्या गावांसह. आणि वाचकांकडून आलेले छायाचित्र छापताना त्याखाली वेळ आणि तालुका असल्याशिवाय छापू नये. दहा वर्षांनी कोणाला आपल्या शिवारावरून गारांचे पट्टे कसे गेले हे पाहायचे असेल, तर हे रकाने कापून एका वहीत चिकटवलेले असतील. त्या वहीचे पहिले पान आम्ही आखून ठेवले आहे.

आपले,
बुलढाणा, वाशीम व अकोला जिल्ह्यांत पाऊस-वाऱ्याच्या नोंदी ठेवणारे काही शेतकरी व शिक्षक